टांझानियात वर्षभर स्वयंसेवक: घरून काय न्यायचं, तिथे काय घ्यायचं

पीतज्वराची लस टोचून झाली, नेमणुकीचं पत्र हातात पडलं, की घरात वजनकाटा बाहेर निघतो. आई लोणच्याची बरणी पुढे करते, काकू पोह्यांचं पाकीट, शेजारच्या आजी मेतकूट. विमान कंपनीचं म्हणणं एकच: वजन ठरलेलं.

टांझानियाला सहा महिने ते दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून निघालेल्या मराठी माणसासाठी हे लिहिते आहे. मी इरिंगाला होते, म्हणजे दार-एस-सलामपासून पाचएकशे किलोमीटर आत, डोंगरावर. कामानिमित्त दारला, म्हणजे दार-एस-सलामला, जाणं-येणं असायचं, त्यामुळे शहर आणि आतला भाग दोन्हीकडचा बाजार पाहिला. इथे प्रश्न जगण्यापुरत्या वस्तूंचा नाही, त्या सगळीकडे मिळतात. प्रश्न आहे तो संध्याकाळच्या चहाचा, रविवारच्या पोह्यांचा, पाठीला बऱ्या गादीचा, आजारपणात मऊ भात-मेतकुटाचा. या गोष्टी मिळवण्याच्या वाटा पाच: घरून बॅगेत, तिथल्या बाजारात म्हणजे सोकोत, भारतीय वंशाच्या लोकांच्या दुकानात, सुपरमार्केटात आणि मागाहून पार्सलने.

माझं मत आधीच सांगून टाकते. बॅगेत फक्त चव न्या, वजन नको. अंगाला लागणारं सुख सोकोत घ्या. सुपरमार्केटकडे सणासुदीपुरतं जा. पार्सलचा नाद सोडा. आता कारणं.

आधी भत्त्याचं गणित

स्वयंसेवकाला पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 मध्ये आमसभेच्या ठरावाने स्थापन झाला, आज त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, आणि त्यातही तत्त्व हेच आहे: साधं, नीट राहता येईल एवढे पैसे. गेली काही वर्षं एका रुपयाला साधारण 30 टांझानियन शिलिंग मिळतात. म्हणजे हजाराची नोट तेहतीसेक रुपयांची. पहिले काही आठवडे नोटांवरची शून्यं पाहून माणूस बिचकतो, मग एकदम सैल सुटतो. दोन्ही टाळायचं असेल तर रुपयात हिशोब करणं लवकर सोडा आणि महिन्याच्या भत्त्याचा कितवा भाग जातोय ते पाहा.

दुसरी बाजूही आहे. अनेकदा परदेशी स्वयंसेवकाचा भत्ता त्याच टेबलावर काम करणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याच्या पगाराहून जास्त असतो. तुम्ही सुपरमार्केटच्या पिशव्या घेऊन गल्लीत शिरलात की ते सगळ्यांना दिसतं. सोकोत भाजी घेतलीत तरी दिसतंच, पण त्यावर गप्पा सुरू होतात. भाषा शिकायला तीच जागा बरी.

सोको: मराठी जिभेला वाटतं त्याहून जवळचा

निघण्यापूर्वी बहुतेकांच्या डोक्यात आफ्रिकेतला बाजार म्हणजे केळी आणि मका एवढंच असतं. प्रत्यक्षात टांझानियाच्या बाजारात मराठी स्वयंपाकघराचा निम्म्याहून जास्त माल पोत्यांत उघडा मांडलेला असतो, फक्त नावं स्वाहिलीतली. मबाझी म्हणजे तूर. चोरोको म्हणजे मूग. डेंगू म्हणजे हरभरा, हे नाव ऐकून दचकू नका. कुंडे म्हणजे चवळी, कारांगा म्हणजे शेंगदाणे, उफुता म्हणजे तीळ, उक्वाजू म्हणजे चिंच. सुकारी गुरू मागितलीत की गूळ मिळतो. मचिचाची जुडी म्हणजे आपला माठच. भेंडी, वांगी, आलं, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची यांची कधी वानवा नसते.

तुरीचं तर आपल्याशी थेट नातं आहे. टांझानियात पिकणारी तूर मुख्यतः भारतात येते. ऑगस्ट 2017 मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिकडे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांकडे पोती पडून राहिली. 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली. तुमच्या घरच्या वरणातली डाळ कदाचित तिकडूनच आलेली असते, आणि तुम्ही ती पाकिटात भरून परत तिकडे न्यायला निघालेले असता. एक मेख आहे. सोकोत तूर अख्खी मिळते, डाळ नाही. किनाऱ्यावरचे लोक अख्खी तूर नारळाच्या दुधात शिजवून सकाळी मांदाझीबरोबर खातात. मांदाझी म्हणजे किंचित गोड, तळलेली, फुगलेली पुरी म्हणा. हा नाश्ता एकदा जमला की पोह्यांची आठवण थोडी कमी होते. पिवळ्या डाळीचं वरणच हवं असेल तर मात्र देशी, म्हणजे भारतीय वंशाच्या लोकांचं, दुकान गाठावं लागतं.

भाजी वाट्यावर विकतात. आपल्याकडे कोकणात बाजारात वाटे लावतात तसेच टोमॅटो, कांदे, बटाटे रचून ठेवलेले. एका वाट्याला फुंगू म्हणतात. कडधान्य किलोवर किंवा मापाने: छोटं माप सादो, मोठं डेबे. डेबे म्हणजे वीस लिटरचा डबा, एकट्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. घासाघीस चालते, पण भाजीवाल्या मावशीशी वाट्यावर दोन टोमॅटो जास्त मागावे, भाव पाडू नये. नेहमीचं गिऱ्हाईक झालात की ती आपणहून टाकते. पिशवी घरून न्या. 1 जून 2019 पासून टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि ती कागदावरची बंदी नाही. घरातल्या दोन-चार जुन्या कापडी पिशव्या बॅगेत टाका, त्यांना वजन नाही.

भाकरी, नाचणी आणि गिरणी

सोलापूर-नगरकडच्या वाचकांसाठी ही जागा मुद्दाम राखून ठेवली आहे. म्तामा म्हणजे ज्वारी, उवेले म्हणजे बाजरी, उलेझी म्हणजे नाचणी. डोडोमा-सिंगिडाच्या कोरड्या पट्ट्यात ज्वारी-बाजरी पिकते आणि देशभर मिळते. नाचणीची पेज, तिकडचं उजी, तर लहान मुलांपासून आजाऱ्यांपर्यंत सगळे पितात. त्यामुळे नाचणीसत्त्वाचं पाकीट घरून नेण्यात काही अर्थ नाही.

पीठ तयारही मिळतं, पण ते पेजेसाठी दळलेलं असतं, जाडसर. त्याची भाकरी थापताना कडा तडकतात. उपाय दोन. एक, अख्खं धान्य घ्यायचं, निवडायचं आणि वस्तीतल्या गिरणीवर बारीक दळून मागायचं. गिरणी जवळपास प्रत्येक वस्तीत असते, कारण उगालीसाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, मका रोज दळला जातो. गिरणीवाल्याला आधी मक्याचं उरलेलं पीठ झाडून घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्या ओंजळीत मकाच निघेल. दोन, तयार पीठ चाळून घ्या आणि उकळतं पाणी घालून उकड काढल्यासारखं मळा. लाल ज्वारीची भाकरी रंगाला काळपट होते, चवीला किंचित तुरट लागते. पांढरी मिळाली तर तीच घ्यावी.

पोळीसाठी मात्र सोको कमी पडतो. तिकडची चपाती मैद्याची, तेल लावून पदर सोडवलेली, चवीला छान, पण रोज दोन वेळा खाण्याजोगी नाही. गव्हाची कणीक ‘आट्टा’ या नावानेच मिळते, मोठ्या शहरांत सहज, आत थोडी शोधाशोध करून. चपातीच्याच कृपेने लाटणं, पोळपाट आणि जाड लोखंडी तवा मात्र तिथे कुठेही मिळतात. यातलं काहीही भारतातून नेऊ नका. तवा तर मुळीच नको, बॅगेचं दीड किलो त्यातच जातं.

मसाले: काय न्यायचं आणि काय नेणं हास्यास्पद आहे

लवंग, वेलची, दालचिनी, मिरे, जायफळ नेऊ नका. झांझिबारची लवंग जगभर जाते, आणि तुम्ही पुण्याहून पन्नास ग्रॅमची पुडी घेऊन तिथे उतरणार. हळद, जिरं, धने सोकोत मिळतात. चहाचा मसालाही सुटा मिळतो.

न्यायचं ते जे तिथे मिसळून तयार होत नाही. गोडा मसाला, कारण दगडफूल आणि नागकेशर शोधून सापडणार नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडचे असाल तर कांदा-लसूण मसाला. मेतकूट. आमसुलं. हिंगाची एक डबी; तिथे हिंगाला मवुजे म्हणतात आणि तो मसाल्यांपेक्षा जडीबुटीवाल्यांकडे मिळतो, भूतबाधा उतरवायला वापरतात, त्यामुळे आमटीसाठी मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे जरा निरखून पाहील. या सगळ्याचं मिळून वजन दीड-दोन किलोपलीकडे जात नाही आणि वर्ष निघतं.

दोन गोष्टी बॅगेत टाकण्याआधी थांबा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. तेलामुळे खोबरं ज्वालाग्राही मालात धरलं जातं. तसंही टांझानियात ओला नारळ मुबलक आहे. खोवायला तिकडे घडीचं लाकडी बैठं असतं, पुढे दातेरी लोखंडी पातं, त्यावर बसून नारळाची कवड दोन्ही हातांनी फिरवायची. आपल्या खवणीवर हात बसलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. शेजारणी पाहत राहतात, परक्या माणसाला हे कसं येतं म्हणून. दुसरी गोष्ट खसखस. मुंबईहून दारला जाताना पुष्कळांचं विमान दुबईला बदलतं, आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अनारशांची हौस तिथे महागात पडू शकते. तीच गोष्ट कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची आणि काही वेदनाशामक गोळ्यांची. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ वेष्टनात न्या. साध्या तापाच्या, पोटाच्या गोळ्यांची चिंता नको. तिथल्या औषधांच्या दुकानांत फळीवरचा बराचसा माल भारतातच बनलेला असतो.

लोणचं न्यायचंच असेल तर छोटी बरणी, तीही चेक-इनच्या सामानात. कच्ची कैरी आणि लिंबं तिथे भरपूर, मिरची झणझणीत; मोहरीची डाळ आणि मेथी तेवढी न्या आणि तिथे घाला. ताजं लोणचं शेजारी वाटता येतं.

देशी दुकान विरुद्ध सुपरमार्केट

खरी निवड इथे आहे, कारण दोन्हीकडे तुम्हाला ‘आपलं’ काहीतरी दिसतं.

दारच्या किसुटू भागात मंदिरं आहेत, मंडई आहे, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या गुजराती, खोजा, बोहरा कुटुंबांची दुकानं. जवळच इंडिया स्ट्रीट नावाचा रस्ताही आहे. पोहे, साबुदाणा, रवा, तूरडाळ, हरभराडाळ, पापड, कढीपत्ता, स्टीलचे डबे, कुकर, अगरबत्ती, सगळं इथे मिळतं. भाव भारतापेक्षा चढे, पण सुपरमार्केटातल्या त्याच वस्तूपेक्षा बहुधा कमी. माल सुटा मिळतो, पाव किलोसुद्धा. दुकानदार आधी गुजरातीत सुरुवात करतो, मग हिंदीत, आणि तुम्ही स्वाहिलीत बोललात तर खूश होतो. दारमध्ये मराठी मंडळींचा गणेशोत्सवही होतो. तिथे एकदा जाऊन आलात की कुठल्या दुकानात ताजे पोहे आलेत ही बातमी फोनवर आपोआप येऊ लागते.

सुपरमार्केटात वातानुकूलन आहे, छापील किंमत आहे, कुणाशी बोलावं लागत नाही. दमलेल्या माणसाला हे शेवटचं फार मोठं सुख वाटतं, ते मी नाकारत नाही. पण तिथे तुमच्या उपयोगाच्या गोष्टी थोड्या आणि मोहाच्या जास्त असतात: चीज, चॉकलेट, मुसळी, ऑलिव्ह तेल, सगळं आयात केलेलं. यातल्या बऱ्याच गोष्टींना स्थानिक पर्याय चांगला आहे. शेंगदाण्याचं लोणी देशातच बनतं. टबोराचा जंगली मध कुठल्याही परदेशी बाटलीला ऐकत नाही. इन्स्टंट कॉफी बुकोबाची, डब्यातली, खासा कडक. चहा तर नेऊच नका. इरिंगाजवळ मुफिंडीला मळेच आहेत, आणि चहा आपल्यासारखाच दाणेदार, दूध घालून उकळायचा.

शिवाय ही दुकानं टिकतातच असं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या शॉपराइटने 2014 मध्ये टांझानियातली दुकानं केनियाच्या नाकुमाटला विकली. केनियाच्याच उचुमीने 2015 मध्ये गाशा गुंडाळला. पुढे नाकुमाटही बुडालं. एका विशिष्ट बिस्किटासाठी एका विशिष्ट दुकानावर मन बसवाल तर वर्षाच्या मध्यात ते दुकान बंद झालेलं सापडू शकतं. किसुटूतला डाळवाला मात्र आजोबांच्या काळापासून तिथेच बसलाय.

आतल्या गावी नेमणूक असेल तर देशी दुकानाचा फायदा कसा घ्यायचा? याला एक पक्की रीत आहे, आणि ती घरून येणाऱ्या कुठल्याही पार्सलपेक्षा भरवशाची आहे. दारमध्ये एकदा जाऊन दुकानदाराशी ओळख करायची, फोन नंबर घ्यायचा. मग यादी फोनवर पाठवायची, पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरूनच, द्यायचे. तो माल खोक्यात भरून, वर तुमचं नाव आणि नंबर ठळक लिहून, तुमच्या गावच्या बसवर चढवतो. बस कंपन्यांची स्वतःची पार्सल खिडकी असते. सकाळी दारच्या म्बेझीच्या मागुफुली बस स्थानकावरून निघालेला खोका संध्याकाळी इरिंगाच्या स्टँडवर. फोन येतो, ओळखपत्र दाखवायचं, खोका खांद्यावर घ्यायचा. डोडोमाला असाल तर 2024 मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेमुळे दारला स्वतः जाऊन येणंही सोपं झालंय.

इरिंगा, अरुशा, म्वांझासारख्या गावांतही भारतीय वंशाच्या लोकांची एक-दोन दुकानं असतात. तिथे पोहे नसले तरी विरजण मागता येतं. हे किरकोळ वाटेल, पण बाजारात मिळणारी मतिंदी म्हणजे आंबट, पातळसर दूध. कवडीचं दही लावायचं तर चांगलं विरजण लागतं, आणि ते दुकानाच्या मागच्या घरातून वाटीभर मिळतं. इरिंगाला दुग्धशाळा असल्याने पाश्चराइज्ड दुधाची ददात नव्हती. उन्हाळी गावात हा प्रश्न जरा बिकट होतो.

कुकर न्यावा का?

न्यावा. वजनाच्या नियमाला हा एकच अपवाद. घेवडा, राजम्यासारखी कडधान्यं तिकडे कोळशाच्या शेगडीवर तास-दोन तास शिजत राहतात. इरिंगासारख्या दीड हजार मीटरवरच्या गावात पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे आणखी वेळ. दारला भारतीय कुकर मिळतो, पण महाग. तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा घ्या आणि त्याच्या पोटात मसाल्याच्या पुड्या भरा, जागा फुकट जात नाही. आणि रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे न्या. आतल्या गावात तुमच्या मापाची रिंग मिळणार नाही, आणि बिनरिंगचा कुकर म्हणजे झाकण असलेलं पातेलं.

गॅससाठी सहा किलोचं छोटं सिलिंडर घेतात, ज्याच्या डोक्यावरच बर्नर बसतो. एकट्या माणसाला पुरे. फक्त भरलेला कुकर त्यावर उंचावर जातो, डगडगतो. सिलिंडर जमिनीवर सपाट जागी ठेवा, टेबलावर नको. वीज प्रीपेड असते, आकडे दाबून युनिट भरायची, आणि अधूनमधून जाते. म्हणून विजेची किटली घेण्यापेक्षा थर्मास घ्या. तिकडे प्रत्येक घरात मोठे, फुलाफुलांचे थर्मास असतात, बाजारात ढिगाने मिळतात. सकाळी एकदा चहा करून भरला की दुपारपर्यंत काम होतं. पिन ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी दातांची. अडॅप्टर एक न्या, बाकी मल्टीसॉकेटची वायर तिथेच घ्या.

अंथरूण, कपडे आणि बाकीचं

इथे घरचं काहीही चालत नाही. गाद्या फुटांत मोजतात: चार बाय सहा, पाच बाय सहा, जाडी इंचांत. चादरी त्याच मापाच्या मिळतात. इलॅस्टिकची चादर भारतातून नेलीत तर ती कुठल्यातरी कोपऱ्यात कमी पडतेच. गादीवर मात्र पैसे वाचवू नका. स्वस्त फोम दोन महिन्यांत मधोमध बसतो. उशीही तिथेच घ्या. मच्छरदाणी तिथल्याच पलंगाच्या मापाची, औषध लावलेली. ही चैन नाही, मलेरियाचा भाग आहे, पहिल्याच रात्री लागते.

थंडीचे कपडे न्यायचे का, असं इरिंगा, म्बेया, अरुशाला जाणारे हमखास विचारतात. जून-जुलैत तिथे रात्री खरंच कुडकुडायला होतं. पण स्वेटरसाठी मितुंबा आहे, म्हणजे परदेशातून गठ्ठ्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांचा बाजार. सकाळी गठ्ठा फुटताना गेलात तर चांगली लोकर मिळते. काहीजणांना जुने कपडे घालायची किळस वाटते. त्यांनी एक स्वेटर विमानात अंगावर घालून न्यावा. अंतर्वस्त्रं आणि मापाच्या चपला-बूट मात्र घरूनच.

उन्हाळी भागात खांगा घ्या. दोन तुकड्यांची जोडी मिळते, खाली एक म्हण छापलेली. पांघरायला, पडद्याला, आंघोळीनंतर गुंडाळायला, सगळ्याला चालते. टॉवेलपेक्षा लवकर वाळते आणि निम्म्या जागेत मावते.

सॅनिटरी पॅड सगळीकडे मिळतात. कप वापरत असाल तर तो घरून न्या. चश्म्याची दुसरी जोडी न्या. उन्हाचं क्रीम तिथे महाग आहे. मराठी पुस्तकं ई-रीडरवर भरून न्या, कागदी दोनच.

पार्सल

घरचे आग्रह करतील. ऐकू नका. टांझानियात पत्ता म्हणजे पोस्टाची पेटी. पार्सल दारात येत नाही, तुम्हालाच पोस्टात जावं लागतं, आणि कस्टमचा माणूस समोर उघडून पाहतो. शुल्क फक्त मालावर लागत नाही, त्यात पाठवणीचा खर्च मिळवून लागतं. वर 18 टक्के व्हॅट. दोनशे रुपयांच्या चकल्यांवर पाठवणीचा खर्चच कित्येक पट झालेला असतो, त्यामुळे कर चकल्यांवर कमी आणि टपालावर जास्त भरता. शिवाय चकल्यांचा भुगा.

मुंबईहून कुणी येत असेल तर गोष्ट वेगळी. पण अनोळखी माणसाच्या हाती बंद पुडकं देऊ नका आणि दुसऱ्याचंही घेऊ नका. ओळखीच्याकडून मागवायचं तर हलकं आणि नेमकं: कुकरची रिंग, गोडा मसाला, एखादं औषध.

नेमणूक कुठे, त्यावर निवड

दारमध्ये असाल तर बॅग जवळपास मोकळी ठेवा. किसुटू आणि मंडई मिळून सगळं आहे. तुमचा शत्रू उकाडा आणि सुपरमार्केट. भत्त्यातून पहिली मोठी खरेदी पंख्याची करा.

आतल्या जिल्ह्यात, गावात असाल तर कुकर, मसाले, हिंग, आमसुलं घ्या आणि वाटेत दारला एक दिवस राखून दुकानदाराची ओळख करूनच पुढची बस पकडा. पोह्यांचा पहिला साठा तेव्हाच घ्या. गावी पोचल्यावर पहिला पैसा गादीवर घाला, दुसरा थर्मासवर.

झांझिबारला असाल तर मसाल्यांची चिंता नाही, पण रमजानच्या महिन्याचा विचार आधी करा. बेटावर जवळपास सगळे मुस्लिम, दिवसा बहुतेक खाणावळी बंद, आणि रस्त्यावर खाणं-पिणं शोभत नाही. त्या महिन्यासाठी घरात शेंगदाणे, गूळ, भाजलेले पोहे असं काहीतरी भरून ठेवा. सूर्य मावळला की मात्र फोरोधानी बागेतल्या खाण्याच्या गाड्या लागतात, आणि बेटावरच्या घरांतून इफ्तारची आमंत्रणं येऊ लागतात. ती नाकारू नका. तुमच्या घरचं काही न्यायचंच असेल तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की करून न्या, सगळा माल दाराजानी बाजारात मिळतो.